एक खुर्ची जास्त

निवडणुकीत वडापावाचासुद्धा दर ठरवून दिलेला असतो. खुर्चीचा आणि टेम्पोचाही. सभेचं सरकारी चित्रण होतं आणि त्यात जे दिसेल त्याचा खर्च उमेदवाराच्या नावावर चढतो. एवढं करून चाळीस लाखांच्या मर्यादेत बसायचं, म्हणजे उमेदवाराला गोड बोलणारा एक माणूस हाताशी लागतोच. पिंपळगावच्या गोरक्षदाजींसाठी हे काम त्यांचा मेहुणा अमोल करत होता. द्राक्षांच्या व्यापारात मुरलेला गडी. थाप मारताना त्याची पापणीही लवत नसे.

नाशिकला खर्च तपासणीच्या वेळी निवडणूक कार्यालयातल्या हर्षाली मॅडमनी पडद्यावर सभेचं चित्रण थांबवलं. "तीनशे खुर्च्या दाखवल्यात तुम्ही. इथे एक जास्त दिसतेय."

अमोल हसत पुढे वाकला आणि त्याचं हसू तिथेच विरलं. पहिल्या रांगेच्याही पुढे एक बाई एकटीच बसली होती. सगळी सभा व्यासपीठाकडे बघत होती, ती मात्र कॅमेऱ्याकडे. तिच्या कपाळावर खोक होती.

ही बाई त्याने आधी पाहिली होती, रस्त्याकडेला मरून पडलेली. हरसूलहून आधीच्या सभेसाठी माणसं भरून आणणारा त्यांचा टेम्पो घाटात उलटला होता. टेम्पो आमचा नाही, ही मजुरीला निघालेली माणसं, असं त्याने पोलिसांना ठणकावून सांगितलं. तिच्या नवऱ्यालाही तेच ऐकवून वाटेला लावलं. खरं बोलला असता तर लपवलेले बाकीचे टेम्पोही खर्चात आले असते, मर्यादा ओलांडली असती आणि दाजींची आमदारकी जिंकूनही धोक्यात आली असती.

मंडपवाला चुकला असेल, असं म्हणून त्याने वेळ मारून नेली. मॅडमनी एक खुर्ची वाढवली.

पुढच्या सभेच्या चित्रणात ती पुन्हा होती, आणि कॅमेऱ्याच्या आणखी जवळ. मंडपवाला पोरांची शपथ घेऊन सांगत होता, खुर्च्या बरोब्बर मोजून लावल्यात. सभेत अशी बाई कोणी पाहिलीच नव्हती. शेवटच्या सभेला अमोलने एकही खुर्ची मागवली नाही, नुसत्या सतरंज्या अंथरल्या. दाजी कुरकुरले.

त्या सभेच्या चित्रणात सतरंज्यांवर माणसं होती, आणि मधोमध एक खुर्ची. आता तिचा चेहरा अर्धा पडदा व्यापत होता.

"या बाईंना तुम्ही आणलं नसेल तर तसं लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. "मी खुर्ची वगळते."

किती सोपं होतं. अमोलने पेन उघडलं. चित्र थांबवलेलं होतं, तरी पडद्यावर तिची पापणी हलली. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला; आणि भीतीपेक्षाही त्याला स्वतःची लाज वाटली.

"आम्हीच आणली," तो म्हणाला. "हरसूलहून, आमच्याच टेम्पोतून. पण ती सभेपर्यंत पोचलीच नाही. वाटेतच मेली."

मॅडमनी कोरा कागद ओढला. "नाव काय त्यांचं?"

तेवढं अमोलने कोणालाच विचारलं नव्हतं.

"झुंबरबाई," पडद्यातून आवाज आला. "लिव बाई."