गुलछडीचं पाणी

"माझी गुलछडी माझ्या हाताबिगर कुणाच्या हातचं पाणी पीत न्हाय. इंद्रानं सोन्याच्या घंगाळात आणलं तरी तोंड लावायची न्हाय!"

उमरग्याच्या नाक्यावर, चहाच्या गाड्याशी उभं राहून कल्याणप्पानं हे सहा जणांना ऐकवलं. सहाही जण त्याच्या पाठीमागं बघत होते. म्हणून त्यानंही वळून पाहिलं. त्याची पांढरीशुभ्र, वरातीची, लाडाची घोडी एका निळ्या बादलीत कानापर्यंत बुडाली होती. बादली लिंबाजीनं धरली होती.

लिंबाजी म्हणजे गावातला दुसरा घोडेवाला. वयानं लहान, अंगानं काटकुळा, आणि कल्याणप्पाच्या मते अकलेनं त्याहून काटकुळा.

"तुला कुणी सांगितलं रं पाजायला?"

"तिनंच की, अप्पा."

सहा जण हसले. त्यांतल्या एकाचा चहा नाकातून आला.

घरी येऊन कल्याणप्पानं घोडीला जाब विचारला. "काय कमी केलं गं म्या तुला? आँ?" गुलछडीनं शेपटीनं माशी हाकलली. उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलेली महानंदा म्हणाली, "तीस वर्सं झाली लग्नाला. म्या कुणाच्या घरी चहा प्याले का, एकदा तरी इचारलं का हो तुमी?"

दिवस वाईट होते. आभाळ भरून यायचं, पाऊस पडायचा नाही. वारा मेलेला. घाम यायचा, पण वाळायचा नाही; माणसाचाही आणि घोड्याचाही. कल्याणप्पानं मधल्या भिंतीवरून डोकावून लिंबाजीचा कारभार पाहिला. तो लिंबाखाली घोड्याच्या अंगावर पाणी ओतत होता आणि लगेच लाकडी पट्टीनं ते निपटून काढत होता. परत ओतायचा, परत काढायचा.

"घालतोय काय, काढतोय काय! येडं हाय," कल्याणप्पा खूश झाला. पण रात्रभर त्याला डाचत राहिलं. लिंबाजीचा घोडा गार दिसत होता.

सकाळी त्यानं महानंदाच्या खोलीतला कूलर उचलून घोडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावला. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार लावलं. वरून घोडीच्या पाठीवर ओली पोती टाकली. अर्ध्या तासानं दार उघडलं, तर इडलीच्या भांड्याचं झाकण काढावं तशी वाफ अंगावर आली. आत घोडी धापा टाकत उभी होती. महानंदानं पोती ओढून काढली आणि तिला बाहेर मोकळ्यावर आणलं.

"सवतीला एवढं उकडून मारत न्हाईत हो!"

तेव्हा कल्याणप्पाच्या डोक्यात उजेड पडला. खोट गारव्यात नव्हती, बादलीत होती. दुपारी त्यानं बाजारातून तसलीच निळी बादली आणली.

चार दिवसांनी सास्तूरला लग्न होतं. लग्नाआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातो, तो परण्या भर दुपारी निघाला. एकदा घोडीवर बसला की मारुतीच्या पाराला पोचेपर्यंत नवरदेवानं जमिनीला पाय लावायचा नाही, अशी त्या घराची रीत. नवरदेव उत्कर्ष अंगानं भरलेला. डीजे प्रत्येक घरापुढं थांबायचा. त्या गावात त्याच दिवशी दुसरंही लग्न होतं, आणि लिंबाजी आपला परण्या उरकून रस्त्याकडेच्या पिंपळाच्या सावलीत घोड्याला पाणी पाजत बसला होता.

पार शंभर पावलांवर राहिला आणि गुलछडी थांबली. कल्याणप्पानं नवरदेवावर धरलेली छत्री बगलेत मारली आणि निळी बादली पुढं केली. आत सास्तूरच्या बोअरचं पाणी. तिनं नाक घातलं, फुरफुरली, आणि तोंड फिरवलं.

"पी गं माय. तसलीच बादली हाय."

बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. कल्याणप्पानं मानेवर हात ठेवला. मघापर्यंत घामानं निथळणारी मान कोरडी पडली होती. याचा अर्थ त्याला ठाऊक होता. वीस वर्षांपूर्वी त्याची पहिली घोडी अशीच कोरडी पडून रस्त्यात गेली होती.

त्यानं पिंपळाकडं पाहिलं.

"लिंबाजी... बादली आण बाबा."

लिंबाजी धावतच आला. गूळ आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी होतं. "परक्या गावचं पाणी घोडं वासानंच सोडतंय, अप्पा. गूळ असला की हरेक गावचं पाणी तिला घरचंच वाटतंय." कल्याणप्पाच्या बादलीतलं बोअरचं पाणी त्यानं मानेवर, पायांवर ओतलं आणि तळहातानं निपटलं. "ओलं तसंच ऱ्हायलं तर अंगावरच तापतंय. आता निम्मी बादली पाजायची, दम खाऊ द्यायचा, मग परत. धरा, तुमच्या हातानं पाजा."

गुलछडी प्याली. हळूहळू तिच्या कानामागं घामाचा एक थेंब आला. कल्याणप्पाचे डोळे भरले आणि छाती लगेच फुगली.

"बघा!" तो वऱ्हाडाला म्हणाला. "पाजत व्हतं कोण? म्याच की! माझ्या हाताबिगर ती—"

लिंबाजीनं रिकामी बादली उचलली आणि परत भरायला पिंपळाकडं निघाला. गुलछडी त्याच्या मागं निघाली. नवरदेव वरच होता. वऱ्हाड त्याच्या मागं गेलं, डीजे वऱ्हाडाच्या मागं. रस्त्यात कल्याणप्पा राहिला, नवरदेवाची झालरीची छत्री धरून.