बापाचे डोके

"…आणि शेवटी शेवटी बाबांचं डोकं या मांडीवर होतं," हेनेलीने आपल्याच मांडीवर थाप मारली. "माझ्या हातानं दाढी केली मी त्यांची!"

बापाची सेवा केली म्हणून हेनेलीच्या घरच्यांनी इस्पितळाला जेवण घातले होते. अंगणात डुकराचे मटण चघळणारी तोंडे थांबली.

बापाच्या डोक्याला लेकराने हात लावायचा नसतो, हे टोंगात शेंबड्या पोरालाही कळते. ऑकलंडला जाऊन मोठा झालेला हेनेली ते विसरला होता. त्याला वाटले, लोक गहिवरले. त्याने आवाज आणखी चढवला.

नर्स मेलेआने व्हरांड्यातून ऐकत होती. हा इसम एकदाच वॉर्डात आला होता. बापाच्या पायथ्याशी उभे राहून त्याने फोटो काढला, वासाने नाक दाबले आणि लॉजवर निघून गेला. बापामागे लोसाने, हेनेलीच्या बहिणीने, रिवाजाप्रमाणे केस कापून घेतले होते. याचे केस चापूनचोपून बसवलेले.

बाप, म्हातारा फोलाऊ, आजारी असताना लोसा दिवसभर त्याचे पाय चेपत बसे. दाढीची वेळ झाली की मेलेआनेकडे नुसती बघे आणि तोंड फिरवी. मेलेआने त्याचे डोके कुशीत धरी.

"पोरी, वस्तरा जपून," म्हातारा म्हणे. "वर गेल्यावर सोललेली कोंबडी म्हणतील मला."

त्याने जीव सोडला तोही तसाच, त्याच कुशीत.

लोसाने मानाची पांढरी चटई विणली ती मेलेआनेसाठी. भावाला तसे बजावलेही होते. तो "हो, हो" म्हणाला आणि त्याने ती नव्या डॉक्टरांपुढे पसरली. हे डॉक्टर तर म्हातारा गेल्यावर बदलून आले होते. आभार मात्र शांतपणे स्वीकारत होते.

"हेनेली," वरच्या जागेवरून फुसी आत्या म्हणाली. "माझ्या भावाच्या डोक्याला हात लावलास तू?"

"म्हणजे… आत्या, तसं नाही. व्यवस्था केली मी."

"दाढी कोणी केली?"

"नर्सनं."

"कुठली नर्स?"

हेनेलीने व्हरांड्यातल्या बायकांवरून नजर फिरवली आणि त्यातल्या जाडजूड बाईकडे बोट केले. "त्या सिस्टरनी."

"मी सैपाकघरात भांडी घासते रे बाबा," बाई म्हणाली. अंगण खदखदून हसले.

आत्या हसली नाही. "लोसा, चटई उचल. ज्याची त्याला दे."

टोंगात आत्याच्या शब्दापुढे कोणाचे काही चालत नाही. डॉक्टरांनी मुकाट्याने पाय मागे घेतले. लोसाने चटई ओढत आणून मेलेआनेच्या पायाशी टाकली.

"मला जे करता येत नव्हतं…" एवढेच ती म्हणाली.

"सिस्टर, इकडे बघा जरा! हसून!" हेनेलीने फोन वर केला होता.

मेलेआनेने त्याच्याकडे पाठ केली. खिशातून तिने एक कंगवा काढला. त्याच्या दातांत म्हाताऱ्याचे पांढरे केस अडकले होते. फेकून देणे तिच्या जिवावर आले होते.

लोसाने सुतकात कमरेला गुंडाळलेल्या फाटक्या चटईचे टोक पुढे धरले. मेलेआनेने कंगवा त्यात ठेवला. केसांना बोट लागू न देता लोसाने टोक दुमडले आणि खाली मान घालून ती आत्याच्या मागे जाऊन बसली.