रडणारी माता आणि अळणी पाव

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला आमच्या मोंतोर्सेल्लो गावच्या चॅपेलात मुंगी शिरायला जागा नसे. भिंतीवर सहाशे वर्षांपूर्वी रंगवलेली मारियामाता, तिच्या पायाखाली चिरडलेला सैतान आणि समोर चेलेस्तिनोबुवा. बुवा भिंतीला खेटून दोनशे मेणबत्त्या लावायला सांगत आणि गदगदून म्हणत, "आई, लेकरांसाठी एकदा रड." पाव तासात आई रडे. लोक ते अश्रू बोटावर घेऊन चाटत. मग बुवा बजावत, अश्रू आणि डॉक्टर एका घरात नांदत नाहीत.

हे ऐकून माझ्या बहिणीनं, एर्सिलियानं, इन्सुलिनची सुई सोडली. नाताळाआधी आम्ही तिला पुरलं. कबरीपाशी बुवा म्हणाले, तिची श्रद्धा कमी पडली. त्या क्षणापासून मी या माणसाच्या मागे लागले. आता एर्सिलियाच्या मुलीनं, नीवेसनंही सुई बंद केली होती. आजार तोच.

ईस्टरपूर्वी ती भिंत पुसायचा मान आमच्या घराचा. पाणी नाही, साबण नाही. ताज्या पावाचा मऊ गर हलक्या हातानं फिरवायचा. काजळी निघते, रंग शाबूत राहतो. बुवा शहरातले, त्यांना हे कुठून ठाऊक? चॅपेलची दुसरी किल्ली आमच्या पिठाच्या डब्यात असते, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

ईस्टरआधीच्या उपवासातल्या एका शुक्रवारी सकाळी बुवा कुलूप लावून कॉफीला गेले आणि मी आत शिरले. मातेच्या डोळ्यांवरून गर फिरवला, तर तो तेलकट झाला. हुंगून पाहिला. तीस वर्षं खाणावळीच्या चुलीपाशी उभी आहे मी. तो वास झोपेतही ओळखेन. डुकराची चरबी. गारठ्यात थिजलेली, मेणबत्त्यांच्या धगीनं वितळणारी.

मी मातेचे डोळे लख्ख पुसले. मग घरच्या बरणीतली चरबी सैतानाच्या डोळ्यांत भरली, अगदी हात न आखडता.

अकराला मेणबत्त्या लागल्या. बुवांनी हात पसरले, आळवलं, पुन्हा आळवलं. माता कोरडी. आणि खाली सैतान घळाघळा रडू लागला.

"बुवा," खाटीक ग्वाल्तिएरो म्हणाला, "आज भलत्यालाच हाक मारलीत का?"

बुवा म्हणाले, हे पापाचं लक्षण आहे. मी सकाळचा गर घेऊन पुढे झाले.

"माणसाचे अश्रू खारट असतात. आमचा पाव अळणी, बिनमिठाचा. यानं मी मातेचे डोळे पुसलेत. खा आणि सांगा, कसा लागतो."

बुवा दाराकडे वळले. दारात ग्वाल्तिएरो उभा होता. शेवटी त्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि घाईनं गिळला. उरलेला ग्वाल्तिएरोनं चघळला.

"डुक्कर," तो म्हणाला. "तेही शिळं."

उपवासाच्या शुक्रवारी, ज्या दिवशी मांसाचं नाव काढत नाहीत, त्याच दिवशी सगळं गाव आठवड्यामागून आठवडे डुकराची चरबी चाटत आलं होतं. बायका रुमालात थुंकू लागल्या. मी सगळ्यांना सगळं सांगितलं: किल्ली, चरबी, धग. मग बुवांना म्हटलं, "एर्सिलियाची श्रद्धा कमी नव्हती. तुमची चरबी जास्त होती."

नंतर पोलीस त्यांना घेऊन गेले. मी बुवांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

नीवेस भिंतीशी बसून राहिली होती. मी तिच्या हातात सुई ठेवली.

"मावशी, आई तर गेलीच ना," ती म्हणाली.

"म्हणूनच. टोच."

तिनं टोचून घेतली. तुम्हालाही एवढंच सांगते: भिंत रडली तर आधी खाली काय जळतंय ते बघा. आणि बघताना औषध चुकवू नका.