शुक्रवारची गाठ

डॉक्टर माथुरांनी स्क्रीन वीणाताईंकडे फिरवली आणि एका गुलाबी फुगवट्यावर पेनाचं टोक टेकवलं.

“एक ही है, मैडम. छोटी आँत में. बायोप्सी में कैंसर नहीं है.”

“और कहीं नहीं?”

“पूरी आँत देख ली. शुक्रवार को दूरबीन से ही निकाल देंगे. बेहोशी देनी पड़ेगी, किसी को साथ लाइएगा.”

“और मेरे भाई की जाँच?”

“ज़्यादा होतीं तो ज़रूर करवाते. अब कोई ज़रूरत नहीं.”

दुसरं कुणी असतं तर देवाला हात जोडले असते. वीणाताईंचा चेहराच पडला. डॉक्टरही जरा गोंधळले.

त्यांना स्वतःची लाज वाटली. पण गाठी पुष्कळ निघाल्या तर आजार घराण्यातला असू शकतो, भावंडांनाही तपासावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते, तेव्हापासून त्या मनातल्या मनात लातूरला धाकट्या भावाला फोन लावत होत्या. आई गेली तेव्हा वीणाताईंची गाडी पोचेपर्यंत परीक्षितनं अंत्यसंस्कार थांबवले नव्हते. त्याही मग त्याला नको नको ते बोलून बसल्या. तेव्हापासून नऊ वर्षं बोलणं बंद होतं. आता फोन करायला कारण मिळालं होतं, आणि त्यात कमीपणाही नव्हता. नेमकं तेच हातचं गेलं.

जवाहर नगरच्या घरी येऊन त्यांनी चहा टाकला. शुक्रवारी कुणाला न्यायचं? कॉलेजातली चार नावं आठवून पाहिली. चौघींनाही आपापला संसार होता. चहा तसाच गार झाला. इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

शेवटी त्यांनी फोन लावलाच.

“परीक्षित, वीणा बोलतेय.”

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

“बोल, ताई.”

त्या एका ‘ताई’नं पाठ केलेलं सगळं विस्कटलं.

“आतड्यात गाठ निघालीय माझ्या. शुक्रवारी काढणारेत. तुला काही धोका नाही, घाबरू नकोस. डॉक्टर म्हणाले, एकटी आहे.”

तीस वर्षं हिंदीतून वनस्पतिशास्त्र शिकवल्यावर मराठी अशी ऐन वेळी दगा देते. त्यांनी घाईघाईनं सावरून घेतलं, “गाठ रे! गाठ एकच आहे, असं म्हणायचं होतं मला.”

“कळलं,” परीक्षित म्हणाला. “शुक्रवारी किती वाजता पोचायचंय आपल्याला?”