छोट्या मालकांचा पीळ

बेचाळिशी उलटली होती, पोट सुटलं होतं, कानांपाशी केस पांढरे झाले होते, तरी वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे 'छोटे मालक'च म्हणत. मोठे मालक, म्हणजे त्यांचे वडील, अजून रोज सकाळी येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसत. ती खुर्ची भरलेली होती तोवर मुलाला मोठं व्हायची काही सोय नव्हती.

वर्कशॉप फक्त स्प्रिंगा आणि शॉकअपचं. गाडी खाली बसवायची, वर उचलायची, तिचे धक्के काढायचे, एवढंच काम. इंजिन कुरकुरत असेल तर शेजारी जा, इथे कुणी बॉनेट उघडणार नाही.

एका सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई तिथे नवी स्पोर्ट्स कार घेऊन आल्या. राखाडी रंग, दोन दारं, माणसं बसणार दोनच. बाई उतरल्या, चार पावलं मागे जाऊन गाडीकडे बघत म्हणाल्या, "हिला जरा खाली बसवायचंय. आता कशी दिसते माहितीये? आखूड पँट घालून लग्नाला आलेल्या माणसासारखी."

छोटे मालक मनापासून हसले. असं बघणारं गिऱ्हाईक क्वचित येतं. ते उकिडवे बसले, चाक आणि मडगार्डमधल्या फटीत हात घातला. "चार बोटं जातायत. इथे दीडच हवीत." मग थेट फाटकापर्यंत मागे गेले, एक डोळा मिटला, मान वाकडी केली. गाडी उभी कशी राहिली पाहिजे, नाक किती खाली, पाठ किती वर, हे त्यांना असं दिसायचं की जणू ती तशी समोर उभीच आहे. ते आत गेले आणि लाल स्प्रिंगांचा संच घेऊन आले. दुकानातल्या सगळ्यात आखूड, सगळ्यात कडक.

"ह्या टाकू. जमिनीला चिकटेल बघा."

खुर्चीतून आवाज आला, "सूनबाईंना येऊ दे आधी."

हे वाक्य छोट्या मालकांना काही नवं नव्हतं. त्यांची बायको लग्नानंतर बरीच वर्षं इथे फोन घ्यायला बसायची. एकदा ड्रायव्हर आला नाही म्हणून ती कुणाची तरी गाडी पोचवायला निघाली आणि पहिल्याच वळणावरून परत आली. म्हणाली, "पुढचं उजवं चाक खड्ड्यातून वर येतं, पण खाली यायला आळस करतंय." म्हाताऱ्याने चाक उघडून पाहिलं. शॉकअप आतून गळत होता. म्हणजे स्प्रिंगेची उसळी आवरणारा जो दांडा, त्यातलं तेलच निम्मं गेलेलं. त्या दिवशी मोठे मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "शाबास!" मुलगा तिथेच पाना हातात घेऊन उभा होता. वीस वर्षं घाम गाळून त्याला हा शब्द कधी ऐकायला मिळाला नव्हता. तो शब्द वडिलांना येतो, हेच त्याला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून प्रत्येक गाडी आधी सूनबाईंकडे.

ती हात पुसत आली, डॉक्टरीणबाईंना शेजारी बसवून एक चक्कर मारून आली. उतरल्यावर स्प्रिंगांबद्दल चकार शब्द नाही. विचारत काय बसली, तर दवाखान्याची गाडी लावायची जागा तळघरात आहे का, उतार किती, बाईंची कंबर कशी आहे.

"कंबर? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकलेली असते, कशी असणार?" बाई म्हणाल्या.

"मग लाल नकोत," ती म्हणाली. "आखूड स्प्रिंगेवर जुना शॉकअप ठेवला तर त्याला हलायला जागाच उरत नाही. प्रत्येक खड्ड्यात खालच्या रबराच्या ठोकळ्यावर आदळेल, आणि उतारावर पोट घासेल ते वेगळंच. ह्या निळ्या घ्या. गाडी कमी खाली येईल, पण ही स्प्रिंग आधी मऊ असते आणि दाब पडेल तशी कडक होते. सोबत आखूड शॉकअप, डोक्यावर फिरवायची कळ असलेले. कडकपणा कमीजास्त करता येतो."

"निळ्यांनी अडीच बोटं राहतील फट," छोटे मालक मध्येच म्हणाले. "अडीच! मग खाली बसवायची कशाला? आहे तशीच ठेवा."

"अहो, पण त्यांना ती चालवायची आहे ना? शोकेसमध्ये थोडीच ठेवायचीये." चारचौघांत ती त्यांना 'अहो' म्हणायची. हे 'अहो' मात्र त्यांना चिमट्यासारखं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी एकदा लाल स्प्रिंगेकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या कमरेवर हात ठेवला. "निळ्याच टाका."

"शाबास, सूनबाई," खुर्ची बोलली.

स्प्रिंगा बसवायचं काम छोट्या मालकांचंच. दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर चढली, जुन्या स्प्रिंगा निघाल्या, निळ्या चढल्या, आणि प्रत्येक नट आवळताना त्यांच्या डोक्यात तोच एक शब्द वाजत राहिला. लोकांना परक्याचं भलं बघवत नाही, यांना घरच्या माणसाचं बघवेना. तीही बायको, जिच्या ताटाला ताट लावून जेवायचं. जळून तक्रार तरी कुणाकडे करायची? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ रोज जळत होता आणि पीळ रोज घट्ट होत होता.

दुपारी सासरा-सून जेवायला गेले. गाडी खाली उतरवलेली, चारही कळा तिने सांगितल्या तशा लावलेल्या. छोट्या मालकांनी डिकी उघडली. मागच्या डाव्या शॉकअपची कळ वर आलेली होती. त्यांनी ती सैल बाजूला फिरवली. टिक. टिक. टिक. टिक. ते थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि डिकी लावली.

तासाभराने बायको ती गाडी घेऊन निघाली. शेजारी मोठे मालक, कारण सुनेची पारख बघणं हा त्यांचा आवडता करमणुकीचा कार्यक्रम. छोटे मालक फाटकात उभे राहिले. आता म्हातारा बघेल, ते मनात म्हणत होते. आता कळेल, निळी म्हणजे काय ते.

गाडी परत आली तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा खुललेला. "लोणी! पहिल्या वळणावर जरा वाकडी वाटली, तर सूनबाईंनी तिथेच थांबवली, उतरून काहीतरी केलं, मग लोणी!"

"काय झालं होतं?" छोट्या मालकांनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "एक कळ तपासायची राहिली होती. माझीच चूक." तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

तिने पाहिलं असतं, ओरडली असती, तर बरं झालं असतं. तिने पांघरूण घातलं आणि त्या पांघरुणाखाली ते अख्खे भाजून निघाले. चूक त्यांची, मोठेपणा तिचा. म्हणजे तिथेही तीच वर!

संध्याकाळी म्हातारा घरी गेल्यावर ती सुट्या भागांच्या खोलीत आली. दार लोटलं.

"कळ चार टिक फिरलेली होती," ती म्हणाली. "आठ का नाही फिरवलीस?"

त्यांनी फळीवरचा एक नट उचलून पुन्हा खाली ठेवला.

"आठ फिरवली असतीस तर ओल्या रस्त्यावर गाडीचं शेपूट घसरलं असतं, हे तुला ठाऊक आहे. माझं हसं व्हावं, पण मरू नये, एवढा हिशोब केलास. उपकारच म्हणायचे."

"तुला काय जातंय बोलायला!" ते एकदम उसळले. "तू चार वर्षांपूर्वी आलीस या कामात. मी शाळेतून थेट इथे यायचो. हे हात बघ. त्यांनी मला एकदा, एकदा तरी..."

ती खोक्यावर बसली. "तुला काय वाटतं, ते माझं कौतुक करतात?"

"मग काय करतात?"

"लेकी बोले सुने लागे ऐकलंयस ना? आपल्याकडे उलटं आहे. शाबास मला म्हणतात, आणि लागतं तुला. तसं लागावं म्हणूनच तर म्हणतात. तू नसलास की माझ्या कौतुकाचा एक शब्द बोलत नाहीत. आज गाडीत सगळा वेळ तुझं काय चुकतं तेच सांगत होते. काठी झालेय मी त्यांच्या हातातली. त्यातून तूही माझ्यावरच दात धरलास. मी जायचं कुठे?"

छोट्या मालकांना हे खरं वाटलं. आणि खरं वाटूनही जळजळ काही कमी झाली नाही, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. ते "चल, घरी जाऊ" एवढंच म्हणाले. ती उठली आणि त्यांच्या पुढे चालत गेली.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. गाडी धुऊन पुसून अंगणात उभी होती. बाईंनी टाळीच वाजवली. "आता दिसते मापाची पँट घातल्यासारखी! वहिनी, मानलं तुम्हाला."

छोटे मालक फाटकाशी उभे होते. सवयीने एक डोळा मिटला. आणि त्यांना दिसलं. मागची उजवी बाजू किंचित वर होती. अर्धं बोट, त्याहून कमीच. बाईंना दिसलं नाही, बायकोला नाही, खुर्चीतल्या म्हाताऱ्याला तर नाहीच. एक क्षण त्यांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. घ्या, तुमची निळी स्प्रिंग! जाऊ दे तशीच. महिनाभरात कुणीतरी बाईंना दाखवेल आणि बाई वहिनींकडे तक्रार घेऊन येतील.

पण त्यांच्या डोळ्यांना मालकाचं ऐकायची सवय नव्हती. ते त्याच चाकावर खिळून राहिले, आणि मग कारणही लक्षात आलं. स्प्रिंगेच्या बुडाखालची रबराची चकती खाचेत बसली नव्हती. ती चकती काल कुणी बसवली? रागाच्या भरात नट आवळणाऱ्यानेच.

बाईंनी किल्ली हातात घेतली होती.

"थांबा," छोटे मालक म्हणाले. "आज गाडी जाणार नाही. मागची उजवी बाजू वर आहे."

"कुठे वर आहे?" म्हातारा कुरकुरला. "मला नाही दिसत."

"मोजा." ते स्वतःच पट्टी घेऊन आले. मोजलं तर फरक होता. "स्प्रिंग उत्तम आहे. बसवताना माझा हात चुकला. तासाभरात करून देतो."

"मला काल तिथे काहीतरी कळलं होतं," बायको हळूच म्हणाली. "वाटलं नवी आहे, बसेल हळूहळू. बाबा, ह्यांनी नुसत्या नजरेने पकडलं."

मोठ्या मालकांनी पट्टीकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. आता, छोट्या मालकांना वाटलं. आता म्हणतील.

"त्याचं कामच आहे ते," मोठे मालक म्हणाले. "सूनबाई, निवड मात्र तुझी एक नंबर. शाबास."

डॉक्टरीणबाईंना हसावं की नाही कळेना. सूनबाईंना मात्र हसू फुटलं, कडवट असं, आणि तिचं बघून छोट्या मालकांनाही. दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून हसत राहिले, आणि म्हातारा "काय झालं? काय झालं?" विचारत राहिला.

गाडी पुन्हा लिफ्टवर चढली. चकती खाचेत बसली, चारही कोपरे सारखे झाले. बाई आत चहा घेत होत्या. बायकोने किल्ली घेतली, दार उघडलं आणि त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बस."

"मी?"

"मग कोण? जागा दोनच आहेत."

ते तिच्या शेजारी कधी बसले नव्हते, निदान चाचणीला तरी. गाडी फाटकाबाहेर पडली, वळली, गटाराच्या एका तुटक्या झाकणावरून गेली. तिचा चेहरा ऐकत असल्यासारखा झाला.

"काय कळतं तुला?" त्यांनी विचारलं. विचारायला चार वर्षं लागली होती.

"डोळे मीट. खड्ड्यानंतर गाडी वर येते ना, ती एकदाच यायला हवी. पुन्हा डुलली तर मऊ, अर्ध्यात थबकली तर कडक. पाठीला कळतं. आता बघ."

त्यांनी डोळे घट्ट मिटले. गाडी हादरली, वर आली. त्यांना काहीच कळलं नाही.

"कळलं?"

"नाही."

"पुन्हा नेते."

तिने गाडी वळवली. छोट्या मालकांना तिचा अजूनही हेवा वाटत होता, अगदी पाठीपर्यंत, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत.