सरकार हाजीर हो!

सुज्ञ वाचकहो, ज्या वर्षी रुपयाचे मोल उतरले, त्या एकोणीसशे सहासष्टच्या गणेशोत्सवात भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये एक खटला भरवण्यात आला होता. देशाच्या आर्थिक दुर्दशेचा दोष कोणाचा, हा त्याचा विषय. त्या खटल्यात आरोपीला तीनदा पुकारण्यात आले, आणि आरोपी आला. ती हकीकत मी आता क्रमाने कथन करणार आहे. आलेला तो कोण होता, हे मी ठरवून सांगणार नाही. ते माझ्या बुद्धीच्या पलीकडचे आहे. भित्र्या मनुष्याने ही कथा दिवसाउजेडी वाचावी. तथापि जे घडले तेही दिवसाउजेडीच घडले, हे त्याने ध्यानात असू द्यावे.

नरहरी हा भंडाऱ्याकडचा मनुष्य. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या विस्ताराचे बांधकाम चालू होते, तेथे तो एका ठेकेदाराकडे खलाशी होता. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे; अवजड लोखंड दोरांनी वर चढवणाऱ्या टोळीतला. क्रेनवाला उंचावर बसे आणि खालून नरहरी हाक देई, त्या हाकेवर हत्तीएवढी तुळई हळूहळू जागेवर बसे. असा गळा त्याला बापाकडून मिळाला होता. बाप गावचा कोतवाल. मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, हुकूम तो गल्लोगल्ली मुनादी देऊन सांगे. त्या काळी गावात एक समजूत होती, की हुकूम कागदावर असून भागत नाही. कोतवालाच्या तोंडून तीनदा बाहेर पडला, म्हणजे मग तो खरा.

नरहरी आणि त्याची बायको अंजनाबाई सेक्टरांलगतच्या सुपेल्यात टिनाच्या खोपटात राहत. अंजनाबाईच्या जिवाला एकच ध्यास होता. नवरा कारखान्यात कायम व्हावा, सेक्टरमध्ये क्वार्टर मिळावे आणि त्या क्वार्टरात स्वतःचा नळ असावा. परंतु जूनमध्ये रुपयाचा भाव उतरला. परदेशातून यायची यंत्रे एकाएकी महागली, कामे मंदावली आणि ठेकेदारांनी माणसे कमी करायला आरंभ केला.

"अवो, रुपया बारीक झाला म्हणतेत," अंजनाबाई चुलीपाशी बसून म्हणाली. "कावून झाला असन?"

"मले का ठाव? दिल्लीत केला त्याहीनं."

"मंग तोही आपल्यासारखा रेशनची लाल मिलो जवारी खाऊन राह्यला असन!"

नरहरी हसला, पण त्या हसण्याला काही बळ नव्हते.

अशा समयी मराठी मंडळाचे अध्यक्ष दौलतराव यांनी त्याला बोलावले. दौलतराव हे त्याच ठेकेदाराकडे मोठे बाबू. कारखान्यात कायम कोणाला घ्यावे, याची शिफारस त्यांच्या हातून जाई. यंदा गणपतीपुढे अभिरूप न्यायालय भरवायचे, असा त्यांचा बेत होता. आरोपी सरकार. आरोप असा, की देशाचा पैसा बुडवला.

"न्यायाधीश मी," दौलतराव म्हणाले. "शेषराव वेल्डर आरोप करील, आपले रेल्वेचे गार्ड भय्याजी बचाव करतील. आरोपीची खुर्ची रिकामी ठेवायची. सरकारला कोण धरून आणतो! तू चोपदार. तीनदा पुकारा करायचा. शेवटी लोक हात वर करून निकाल देतील, तोही तूच पुकारायचा. काम चोख कर, नरहरी. कायमच्या माणसांत तुझं नाव माझ्या ध्यानात आहे."

नरहरीने दोन्ही हात जोडले. घरी येऊन त्याने हे सांगितले, तेव्हा अंजनाबाईने नळ कोणत्या बाजूला असावा येथपर्यंत विचार करून ठेवला.

मंडप सेक्टरच्या मैदानात होता. त्या ठिकाणी पूर्वी एक गाव होते. गाव उठले, तळे मुरूम टाकून बुजवले, वर रस्ते आणि क्वार्टर्स आली. गावाचे नाव कोणी एक सांगे, कोणी दुसरे. खात्रीने कोणालाच येत नसे. एक चिंच तेवढी उरली होती.

रविवारचा तिसरा प्रहर. आभाळ भरून आले होते, पण पाऊस नव्हता. वारा पडला होता आणि कारखान्याच्या चिमण्यांचा धूर वर न जाता मैदानावर उतरत होता. सेक्टरमधली झाडून सारी मराठी घरे जमली होती. अंजनाबाई पुढेच, बायकांत बसली होती. नरहरीने लाल पट्टा कमरेला बांधला, छाती भरून घेतली आणि हाक दिली,

"सरकार हाजीर होऽऽ!"

लोक हसले. "दौऱ्यावर गेलं असन गा!" कोणी ओरडले.

"सरकार हाजीर होऽऽ!"

"अमेरिकेत गहू मांगाले गेलं!" पुन्हा हशा पिकला.

"सरकार हाजीर होऽऽ!"

या वेळी कोणी हसले नाही. का हसले नाही, हे पुढे कोणालाच सांगता आले नाही. नरहरीच्या अंगावर मात्र आपल्याच शब्दाने काटा आला. भंडाऱ्याकडे 'सरकार' असे दिल्लीला कोण म्हणत होते? त्याचा बाप हा शब्द जन्मभर एकाच मनुष्यासाठी वापरत आला होता. मालगुजारासाठी. आणि बुजलेल्या गावाच्या छातीवर उभे राहून, कोतवालाच्या गळ्याने, नरहरीने तो शब्द तीनदा पुकारला होता.

चिंचेकडून एक म्हातारा चालत आला. अंगात जुन्या घाटणीचा बंद गळ्याचा कोट, डोक्यावर फेटा, हातात काठी. धुराने ना तो खोकला, ना त्याने डोळे मिचकावले. तो सरळ येऊन आरोपीच्या खुर्चीत बसला. लोखंडी खुर्चीचे पाय त्या दडपलेल्या मुरमात असे खोल गेले, जणू खाली चिखल होता.

"वा भय्याजी!" शेषराव टाळी देऊन म्हणाला. "सोंग तं झकास आनलं! कुठून पकडून आनलं बुढ्याले?"

"मी कावून आनू? तूच आनलं असशील बे!" भय्याजी म्हणाले.

दोघांनीही कानावर हात ठेवले. मग खटला सुरू झाला, कारण सुरू करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

शेषराव बोलायला पट्टीचा. "न्यायाधीश महाराज! काल पावणेपाच रुपयांत येनारा डॉलर आज साडेसातले कोनी केला? यानं! कर्ज काढून योजना केल्या, त्याचं पानी कुठं मुरलं? आमाले सांगतलं सोमवारी एक टाइम उपास करा. केला! आमी उपास केला अन् रुपया अशक्त झाला, हे कसं काय?"

टाळ्या झाल्या. भय्याजींनी टोपी सारखी केली. "शेषराव, तुमचं इंजन शिट्टीच जास्त मारते. दोन साल पाऊस नाही आला, तो का सरकारनं अडवून ठेवला? लढाई झाली, ते का सरकारनं हौसेनं केली? अन् सुपेल्याचा शेटजी साखर दाबून ठेवते, त्याले तुम्ही रामराम ठोकता! मतं कोनी देल्ली? तुमीच न?"

"तुमच्या पार्टीनं सायकलवर बसवून मतदानाले नेलं म्हणून देल्ली!"

"बसले कावून मंग? चाक पंचर होतं का तुमच्या अकलेचं?"

हशा व्हायला हवा होता, झाला नाही. नरहरीच्या ध्यानात एक गोष्ट आली. पुढच्या रांगेतील माणसे आपल्या पायांतील चपला काढत होती. कोणी कोणाला सांगितले नव्हते. एकाने काढल्या, मग शेजारच्याने, मग बायकांनी, मग लेकरांनी. नरहरीचा बाप मालगुजाराच्या वाड्यासमोरून असाच अनवाणी जात असे. नरहरीने खाली पाहिले. त्याच्या स्वतःच्या चपला मागे पडल्या होत्या आणि त्या केव्हा काढल्या, हे त्याला आठवेना.

"आपल्याला काय म्हणायचं आहे?" शेषराव आरोपीला विचारत होता. मघापर्यंत 'यानं' म्हणणारा शेषराव आता 'आपण' म्हणत होता, आणि ते त्याचे त्याला कळत नव्हते.

म्हाताऱ्याने मान वर केली. त्याचा आवाज मोठा नव्हता, तथापि तो शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला. पुढे ज्याने त्याने सांगितले, की म्हातारा अगदी आमच्या गावची भाषा बोलला. नरहरीला ती भंडाऱ्याची वाटली.

"कसूर माहा," म्हातारा म्हणाला.

मागच्या रांगा पुढे सरकल्या, आणि म्हातारा बोलत राहिला.

"पाऊस नाही आला, कसूर माहा. लढाई झाली, माहा. रुपया उतरला, तुमची कामं गेली, तेही माहा. आजवर तुमाले कोनी असं म्हणलं का? हा त्याच्याकडं बोट दाखवते, तो याच्याकडं. तहसीलचा साहेब घोड्यावर येऊन ओरडे, तवा गावच्या वतीनं मी उभा राहो अन् म्हणो, साहेब, कसूर माहा. म्हणून गाव माहं होतं. ज्याचा कसूर, त्याचं शिवार. तुमच्यापाशी कसूर घेनारा मानूस नाही. म्हणून एवढा मोठा कारखाना असून तुमी बेवारस. घेतो मी. हात वर करा."

वाचकहो, त्या जनसमुदायातून हुंदका यावा तसा एक आवाज निघाला. ज्यांची नावे कामावरून कमी झाली होती, त्यांनी प्रथम हात वर केले. मग इतरांनी. शेषरावाने केला; भय्याजींनीही, बचाव त्यांचा असून, केला. आणि नरहरीने पाहिले, की अंजनाबाईचाही हात वर आहे. डोळे मिटलेले, मुखावर असे समाधान, जसे ताप उतरलेल्या लेकराच्या मुखावर असते.

"दोषी," दौलतराव पुटपुटले. "नरहरी, पुकार. मागचं बोलणं तुला ठाऊकच आहे. तुझं नाव..."

म्हातारा खुर्चीतून वळला. प्रथमच त्याने नरहरीकडे पाहिले.

"कोतवाल," तो मायेने म्हणाला. "दे मुनादी."

नरहरीच्या ओठांवर 'जी सरकार' आलेच होते. ते त्याने कसे गिळले, हे त्याचे तोच जाणे. त्याला दिसले, की दोषी म्हणून तीनदा पुकारले की दोष याचा होईल, आणि ज्याचा दोष त्याचे शिवार. मग हे सेक्टर, या भट्ट्या, ही अनवाणी माणसे, आणि त्यांत त्याची अंजना, सारे याचे. न पुकारावे, तर नोकरी गेली. आणि नुसते मुके राहूनही भागणार नव्हते. वर गेलेले हात खाली येत नव्हते, आणि न्यायालयात तोंड उघडण्याचा हक्क निकालापुरता का होईना, त्याचाच होता.

त्याने छाती भरून घेतली. क्रेनखाली उभे राहून, दोर तुटण्याच्या बेतात असताना मारावी तशी हाक त्याने मारली.

"सरकार गैरहाजर!"

म्हाताऱ्याची काठी मुरमात टोचली गेली.

"सरकार गैरहाजर! सरकार गैरहाजर!"

वारा सुटला. धूर वर उचलला गेला. खुर्ची रिकामी होती, आणि तिचे पाय मुरमात अर्धे रुतलेले होते.

मग लोक हसले. पोट धरून हसले. "वा रे पठ्ठे! सरकार गैरहाजर! खरं बोलला!" शेषरावाने त्याची पाठ थोपटली. चपलांची अदलाबदल झाली म्हणून बायका भांडू लागल्या. म्हातारा कोण होता, असे नरहरीने विचारले, तर शेषराव म्हणाला, "कोन म्हातारा? खुर्ची रिकामीच ठेवाची ठरली होती न?"

"मंग तुमी 'आपण' कोनाले म्हणत होते, शेषराव?"

शेषराव खुर्चीच्या रुतलेल्या पायांकडे पाहू लागला. त्यानंतर तो त्या विषयावर कधी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दौलतरावांनी नरहरीला कचेरीच्या ओसरीवर बोलावले. तो रागाची अपेक्षा धरून गेला होता. परंतु दौलतराव अत्यंत मृदू होते.

"थट्टा झाली, ठीक झालं," ते म्हणाले. "पण निकाल अर्धवट राहिला. विसर्जनाच्या आधी चिंचेपाशी उभा राहून तेवढा पुकारून टाक. कोणी नसलं तरी चालेल. नावं आज जाणार आहेत. तुझं मी वर घातलं आहे."

नरहरीने मान खाली घातली. दौलतरावांच्या पायांत काही नव्हते. त्यांचे बूट ओसरीखाली शिस्तीने लावून ठेवलेले होते.

"नाही जमनार, साहेब," नरहरी म्हणाला. "गळा बसला."

"विचार कर. नळाचं क्वार्टर आहे."

नळाची गोष्ट त्याने दौलतरावांना कधी सांगितली नव्हती.

घरी अंजनाबाईने सारे ऐकून घेतले. नरहरीला वाटले, ही आता रडेल किंवा भांडेल.

"एक सांगू का वो?" ती म्हणाली. "हात वर होता माहा, तवा मले असं बरं वाटून राह्यलं होतं का इचारू नोका. कोनीतरी म्हणलं, कसूर माहा. जलमात एवढं बरं नाही वाटलं मले. त्यानं आताही बोलावलं तं मी चालली जाईन."

नरहरीने तिचा हात धरला.

"म्हणून म्हणते," तीच पुढे म्हणाली, "आपण इथं नोको राहू."

विसर्जनाची मिरवणूक निघण्यापूर्वीच त्यांनी खोपट सोडले. नरहरी दुर्गच्या पुढे रुळांच्या टोळीत रोजावर लागला. तेथे नळ नाही. अंजनाबाई विहिरीचे पाणी भरते. गाडी दिसली की टोळीला हाक देऊन बाजूला करणे, एवढेच आता त्याच्या गळ्याचे काम आहे. ते तो मन लावून करतो. चिंचेपाशी तो निकाल दुसऱ्या कोणी पुकारला की नाही, हे विचारायला तो भिलाईला पुन्हा गेला नाही.

माझी विद्या चौथ्या इयत्तेपर्यंतची आहे. लेखनात जे न्यून असेल ते पदरात घ्यावे. इतका वेळ देऊन आपण ही कथा वाचलीत, याबद्दल मी सर्व वाचकांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
पुंडलिक गोसाई लांजेवार