रिकामी लिफ्ट वर जाते

एका गुणाने नापास होण्यासारखं दुसरं दुखणं नाही. दहा गुणांनी गेलं की माणूस नशिबाला बोल लावून मोकळा होतो. एका गुणाने गेलं की जेवताना, अंघोळ करताना, जिना चढताना तोच एक गुण समोर येऊन वाकुल्या दाखवतो.

वहिनींचं तसंच झालं होतं. अठरा वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यावर त्यांना आता तपासनीस व्हायचं होतं, आणि त्यासाठी सामान्य विज्ञानाची परीक्षा द्यावी लागणार होती. संध्याकाळच्या वर्गाला त्यांची नणंदही येई, म्हणून अख्खा वर्गच त्यांना वहिनी म्हणे. सराव परीक्षेत जो पास होईल, त्याचाच अर्ज सर पुढे पाठवत. बारावा प्रश्न होता : लिफ्ट रिकामी आहे, ब्रेक सोडला, तर ती कुठे जाईल? वहिनींनी लिहिलं, ‘वर.’ सरांनी लाल शाईत टपोरा भोपळा दिला. वर्ग हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने नणंद हसली.

“वस्तू सोडली की खाली पडते, बाई,” सर म्हणाले. “एवढं गुरुत्वाकर्षण तरी मान्य करा!”

वहिनींचं डोकं सणकलं. “सर, तो ब्रेक मी या हातांनी सोडते. उद्या चार वाजता याच इमारतीच्या लिफ्टची चाचणी आहे. सगळे या. खाली गेली, तर विज्ञानाचं नाव काढणार नाही.”

सर हट्टी होते, पण खोटे नव्हते. “येतो. पण वर गेली, तर का गेली तेही सांगायचं. नुसत्या उत्तराला माझ्याकडे गुण नाही.”

अर्ज समोरच्या कार्यालयात पोचवायची मुदत उद्या पाचपर्यंतच होती.

दुसऱ्या दिवशी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये वर्ग दाटीवाटीने उभा राहिला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर रिकामी होती, मुख्य स्विच बंद होता. नणंद चौथ्या मजल्यावर दाराच्या काचेला नाक लावून बसली होती. वहिनींनी ब्रेकचा दांडा ओढला. क्षणभर काहीच झालं नाही. मग मोठं चाक हळूच फिरू लागलं, आणि खालून किंकाळी आली, “आली! अगं बाई, वर आली!”

वहिनींनी दांडा सोडला. लिफ्ट थांबली.

सर धावत खाली गेले, काचेतून पाहून धापा टाकत परत आले. चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. “दोराच्या दुसऱ्या टोकाला काय आहे?”

“काउंटरवेट. लोखंडी वजन. रिकाम्या लिफ्टपेक्षा जड.”

“म्हणजे हा तराजूच की! जड पारडं खाली, म्हणून हलकं वर! पण मला सांगा, ते मुद्दाम जड का? बरोबरीचं का नाही?”

अठरा वर्षांत हा प्रश्न वहिनींना कधी पडलाच नव्हता. ‘कंपनी तसंच बसवते,’ हे ओठांवर आलं होतं, पण ते काही कारण नव्हे. सव्वाचार वाजले होते.

“आधी वजनं भरू या,” त्या म्हणाल्या. हात चालले की त्यांचं डोकंही चालायचं.

लिफ्ट पुन्हा तिसऱ्यावर आणली. वर्ग खाली उतरला आणि चाचणीसाठी आणलेला वीस किलोचा एकेक ठोकळा हातोहात आत गेला. लिफ्ट दहा माणसांची, म्हणजे सहाशे ऐंशी किलोंची होती. सतरा ठोकळे झाले तेव्हा ती बरोबर निम्मी भरली. वहिनींनी पुन्हा दांडा ओढला.

“ढिम्म हलत नाही!” नणंद ओरडली.

वहिनींनी चाकाला हात लावला. ते एका हाताने या बाजूलाही फिरलं, त्या बाजूलाही फिरलं. हात तसाच राहिला आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“सर! रिकामी असली की ते वजन जड, पूर्ण भरली की लिफ्ट जड, आणि निम्मी भरली की बरोबरी! म्हणजे मोटारीला दहा माणसं कधी उचलावीच लागत नाहीत, जास्तीत जास्त पाचांचा भार! ती वजन उचलत नाही हो, फरक उचलते!”

सरांनी मांडीवर थाप मारली. तिथेच भिंतीला पेपर टेकवून भोपळा खोडला, एक गुण लिहिला आणि अर्जावर सही ठोकली.

“म्हणजे ‘खाली’ लिहून मिळालेला माझा एक गुण गेला?” वर आलेल्या नणंदेने विचारलं.

“तुमचा एकच गेला. मी आठ वर्षं हा प्रश्न चुकीचा तपासतोय!”

पाचला दहा कमी होते. लिफ्ट चाचणीत अडकलेली. सर अर्ज घेऊन जिन्याने सुटले, आणि त्यांच्यामागे नणंद, तिच्यामागे वर्ग. वहिनींना मात्र जाता येईना. चाचणी चालू असताना मशीनरूम सोडायची नाही, हा त्यांचा नियम होता. पावलांचा धडधडाट विरत गेला. त्या घड्याळाकडे बघत बसल्या. पाचला दोन कमी. पाचला एक कमी. पाच वाजून गेले, तरी आवाज नाही.

मग खालून, लिफ्टच्या पोकळीतून, नणंदेचा आवाज घुमला. “वहिनी! अर्ज पाचच्या आत घेतला! शिक्का मारला!”

वहिनींचे डोळे भरून आले.

“तपासनीसबाई,” आता सरांचा दमलेला आवाज आला, “आम्हाला वर कसं आणताय?”

“चालत या, सर!” वहिनी डोळे पुसत ओरडल्या. “अजून सतरा ठोकळे टाकायचेत. भरलेली लिफ्ट खाली जाते का, ते कोण बघणार?”